हुंकार

आमच्या घरच्या ‘हरिविजया’त दोन शब्दांमध्ये जागाच नव्हती. शिळाछापाची पोथी ती, जुन्या हस्तलिखितासारखीच छापलेली. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अक्षरं एकमेकांना चिकटून बसलेली, मधे उभे दंड काय ते. चौथीतल्या मुलीनं ती वाचायची म्हणजे आधी शब्द तोडायला हवेत. मी तोडायचे आणि चुकायचे. ‘नगरींसकळजन’ दिसलं की मी ठासून म्हणायचे, ‘नगरींस कळजन’. ‘देवतेव्हां’चं ‘देवते व्हां’ करायचे. भिंतीला टेकून वाती वळत बसलेल्या आजीचा हात थांबायचा.

“न्हाई. पुन्ना म्हण.”

मी पुन्हा तेच म्हणायचे. मग ती डोळे मिटून नुसती चाल धरायची, आणि त्या चालीत शब्द आपापल्या जागी सुटे व्हायचे: नगरीं, सकळ, जन.

आजीला अक्षरओळख नव्हती.

ही १९६८-६९ची गोष्ट. गाव नगर जिल्ह्यातलं, राहुरी तालुक्यातलं, मुळा नदीच्या काठचं. वीज नुकतीच आली होती, तरी देवापुढं कंदीलच असायचा. आजीचे वडील नेवाशाकडच्या एका खेड्यात चातुर्मासात पोथी वाचायचे आणि ती लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून ऐकायची. ती सासरी निघाली तेव्हा त्यांनी ही पोथी लाल रुमालात बांधून तिच्या ट्रंकेत घातली. वाचता न येणाऱ्या मुलीला पोथी कशाला, असं तेव्हा कुणीतरी बोललं होतं म्हणे. माझे वडील, चुलते आषाढी एकादशीला पोथी सोडायचे, दोन-चार अध्याय वाचायचे, मग पेरण्या, पाणी, बाजार. पोथी पुन्हा रुमालात. मला वाचता येतं आहे हे आजीच्या लक्षात आलं त्या वर्षी तिनं मला हातपाय धुवून पाटापुढं बसवलं, आणि तेव्हापासून पाच चातुर्मास ‘हरिविजया’चे छत्तीस अध्याय मी तिला वाचून दाखवले.

पानं सुटी होती. वाचून झालेलं पान उचलून पालथं घालायचं, खालचं पुढं घ्यायचं. वर-खाली लाकडी फळ्या. प्रत्येक ओवी संपली की आजी म्हणायची, “हूं.” या हुंकाराची मला इतकी सवय झाली होती की तो आला नाही तर पुढची ओवी तोंडातून निघायची नाही. त्यातही प्रकार होते. बाळकृष्णाच्या खोड्या चालू असल्या की तो हसरा यायचा, अक्रूर गोकुळात आला की जड व्हायचा. आणि मधेच थांबला तर दोनच कारणं असत, एक तर डोळा लागलेला, नाहीतर काहीतरी खटकलेलं. खटकलं असेल तर ती सरळ विचारायची. देवकीची सहा लेकरं मारली गेली, ती कुणाच्या पापानं? यशोदेनं आपली पोर कुठं गेली हे कधी विचारलं का? मी दहा वर्षांची. मला काय ठाऊक? पण ती उत्तरासाठी विचारत नसे. प्रश्न पोथीपुढं ठेवायची, वात वळायची आणि म्हणायची, “हं, म्हण फुडं.”

यशोदेच्या पोरीचा तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. कृष्णाच्या जागी कंसाच्या हाती गेलेली मुलगी. सगळ्या गोकुळात आनंदाचा कल्लोळ, आणि आजी मात्र त्या मुलीपाशी थांबलेली. पुढं मी मराठी शिकवलं, तीस वर्षं शिकवलं. एवढा नेमका वाचक मला वर्गात क्वचित भेटला.

शब्द न तोडता छापलेलं पान हे ऐकणाऱ्याच्या भरवशावरच छापलेलं असतं, असं मला आता वाटतं. आणि नुसतं पानच का, तो ग्रंथही. तो रचणारे श्रीधरस्वामी पंढरपूरजवळच्या नाझऱ्याचे. ‘हरिविजय’ १७०२ सालचा, ‘शिवलीलामृत’ बारामतीत १७१८ साली पूर्ण झालं. भागवत आणि पुराणं ज्यांना कुणी वाचू दिली नसती अशा माणसांसाठी त्यांनी ती साध्या ओवीत आणली, आणि अध्यायागणिक श्रोत्यांना हाक मारत राहिले. त्यांच्या आधी चारशे वर्षं आजीच्या माहेरच्या नेवाशातही तेच झालेलं. १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ झाली ती आधी बोलली गेली. समोर निवृत्तीनाथ ऐकत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. पुढं हातोहात नकला होताना तिच्यात चुकीचे पाठ शिरले, ते एकनाथांनी १५८४ साली शोधून दुरुस्त केले. आजी दर वर्षी माहेरी गेली की नेवाशाच्या पैसखांबाला हात लावून यायची. ‘ज्ञानेश्वरी’ तिनं कधी ऐकली नव्हती. तिच्यासाठी तो, ज्याला टेकून कुणीतरी बोललं आणि कुणीतरी ऐकलं, असा खांब होता.

पोथीचे काही नेम होते, ते कुठं लिहिलेले नव्हते. कृष्णजन्माच्या दिवशी सुंठवडा. रुक्मिणीच्या लग्नाचा अध्याय आला की शेजारच्या बायका अक्षता घेऊन यायच्या आणि आम्ही त्या पोथीवर टाकायचो. कृष्ण कालियाच्या डोहात असताना पोथी बांधायची नाही. कितीही रात्र होवो, तो वर आलाच पाहिजे. एकदा कंदिलातलं तेल संपलं, तेव्हा आजीनं उरलेल्या ओव्या अंधारात आपल्या आठवणीनं पुऱ्या केल्या, आणि मग झोपायला परवानगी.

‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय महाराष्ट्रात कितीतरी घरांत रोज वाचला जातो, आमच्याकडं सोमवारी. त्या अध्यायाच्या पोटात महानंदेची कथा आहे. नंदिग्रामातली ती गणिका. शंकर सौदागराचं रूप घेऊन येतो, कंकण देतो, ती तीन दिवसांसाठी त्याची पत्नी होते आणि आपला शब्द अग्नीत शिरेपर्यंत पाळते. तिनं रुद्राक्ष बांधलेले माकड आणि कोंबडा आगीतून सुटून रानात पळतात, ते पुढल्या जन्मी राजपुत्र आणि प्रधानपुत्र होतात. मी मोठी झाल्यावर मनात आलं की लेकीसुनांच्या चालण्याबोलण्यावर एवढा पहारा असलेल्या घरांत, देवघरात बसून, दर आठवड्याला एका गणिकेचा मोठेपणा गायला जात होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावात तमाशाचा फड आला आणि कुणी त्यातल्या बायांविषयी वेडंवाकडं बोललं, तर आजी एवढंच म्हणायची, “महानंदा आठव.”

श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर आमच्या स्वयंपाकघरात रोज घडायची. आटपाट नगरातल्या राजाला देवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. तो दवंडी पिटतो, सगळ्या गावाचं दूध देवळात येतं, वासरांना पाजायला थेंब राहत नाही, लेकरं उपाशी राहतात, आणि गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिनं आधी मुलाबाळांना दिलेलं असतं, लेकीसुनांना दिलेलं असतं, वासरांना पाजलेलं असतं. उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो. आमच्याकडं नैवेद्याच्या आधी लहान पोराला भूक लागली तर ताट वाढलं जायचं. सोवळं कडक असलेल्या एका शेजारीणबाईंनी यावर आजीला टोकलं होतं. आजीनं त्यांना वाद न घालता कहाणी सांगितली, पहिल्यापासून. धर्मशास्त्र तिला एवढंच येत होतं आणि ते पुरायचं.

‘पांडवप्रताप’ मात्र घरी नाही. महाभारत घरात वाचलं की भांडणं लागतात, म्हणून ते मारुतीच्या देवळात, रात्री जेवणं झाल्यावर. तिथं वाचक आणि सूचक अशी जोडी असायची. गावचे शिंपीकाका ओवी वाचायचे आणि एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, तिचा अर्थ सोडवून सांगायचे. द्यूताचा अध्याय लागला की तात्या हस्तिनापुरातून निघायचे ते थेट गावच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर. एका वर्षी द्रौपदीच्या प्रश्नावर पोथी दोन रात्री अडून बसली. धर्मराज आधी स्वतःला हरला, मग तो मला पणाला लावणारा कोण? सभेत भीष्मालाही याचं धड उत्तर देता आलं नाही. देवळात पुरुष बोलत होते, एकानं धर्माची बाजू घेतली, एकानं शकुनीवर ढकललं. बायका एका कडेला बसलेल्या. त्यांच्यातली एकजण, जिच्या नवऱ्यानं तिच्या पाटल्या मोडल्या होत्या, तिथूनच म्हणाली, “तिनं इचारलं तरी.” त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. शिंपीकाकांनी पान उलटलं नाही.

आणि त्याच देवळाच्या पायरीखाली, अंगणात, वस्तीतली माणसं घोंगड्या टाकून बसलेली असायची. पंढरपूरचं देऊळ सानेगुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ सालीच सगळ्यांना खुलं झालं होतं. ते आमच्या मारुतीच्या पायरीपर्यंत पोचायला पुढची कितीतरी वर्षं गेली. खालून येणारा हुंकार वरच्यापेक्षा मोठा असायचा. लहानपणी मला त्याचं कौतुक वाटायचं. आज त्या पायऱ्या आठवल्या की छातीत दुखतं. जुन्या दिवसांविषयी लिहायचं तर हेही लिहायला हवं. त्यांची भक्ती आम्हाला ऐकू येत होती आणि तरी आम्ही त्यांना वर बोलावलं नाही.

दुखावणारं आणखी एक. तेराव्या वर्षी मी बाजूला बसायला लागले आणि महिन्यातले चार दिवस पोथीला हात लावायचा नाही, देवघराकडं फिरकायचं नाही, असं झालं. पहिल्या वेळी मी परसात उकिडवी बसून रडत होते. पोथीसाठी रडत होते असं म्हणणं खोटं होईल, सगळ्यासाठीच रडत होते. दिवेलागण झाली आणि आजी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. हातात पोथी नव्हतीच. तिनं कालच्या ओवीपासून पुढं म्हणायला सुरुवात केली. आईनं आतून काहीतरी म्हटलं. आजी म्हणाली, “विटाळ हाताला आसंल. कानाला कशाचा?” आणि माझ्याकडं बघत थांबली. ती का थांबली हे मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि मी म्हटलं, “हूं.”

बोलण्यात तर पोथ्या अशा मुरलेल्या असत की त्या पोथीतून आल्यात हेही कुणाला आठवत नसे. भावकीत लावालावी करणारा तो कळीचा नारद, पाहुणा गरिबाघरून काही घेऊन आला की सुदाम्याचे पोहे, ऐनवेळी अन्न पुरलं की द्रौपदीची थाळी. पोथीची फार शेखी मिरवणाऱ्याला ‘पुराणातली वांगी पुराणात’ म्हणून गप्प करायलाही तीच माणसं. माझ्या चुलत्या, आत्या, मावश्या म्हणजे रखमा, येसू, द्रौपदा, सुभद्रा. माझ्या वर्गात शेवटी शेवटी रोजच्या वापरातले हे शब्द मला फोडून समजावून सांगावे लागत. मुलांना द्रौपदी माहीत होती, थाळी माहीत नव्हती.

बायकांनी जात्यावर गायलेली सीता हे वेगळंच रामायण होतं, आणि ते विजेच्या गिरणीबरोबर गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून निदान ती हरवली नाही. आजीच्या ओव्या जमवायला कुणी आलं नाही. मीही जमवल्या नाहीत.

पण जुनं ते पवित्र आणि नवं ते बुडालेलं, असं मला म्हणवत नाही. आजीची ती पूज्य पोथी एकेकाळी नवीच होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग आणि पोथ्या छापायला घेतल्या, १८४१ साली पंचांग काढलं, तेव्हा छापलेल्याला शिवावं की नाही यावरून लोक बिचकत होते. शाईत चरबी असते हा त्यांचा आक्षेप. म्हणून त्यांनी तूप घालून शाई केल्याचं सांगतात. तुपाच्या शाईनं पोथी घराघरात गेली, तेव्हा कुठं ती आजीच्या वडिलांसारख्या शेतकऱ्याच्या हाती लागली.

मग १९८७चा जानेवारी आला. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’. आमच्या आळीत एकच टीव्ही, त्याला हार घातलेला, माणसं आंघोळ करून येऊन बसलेली, आता पायरीच्या वर आणि खाली असं काही उरलं नव्हतं, आणि ते बघून मला फार बरं वाटलं होतं. आजी तेव्हा खूप थकली होती. तिला खुर्चीवर बसवून नेलं. ती हात जोडून बघत राहिली, सीता दिसली तेव्हा तिचे डोळे भरले. दोन-तीन रविवारांनंतर मात्र म्हणाली, नको. कानाला कमी येतं का, डोळ्यांना त्रास होतो का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, “याला थांब म्हणता येत न्हाई.”

त्याच वर्षी श्रावणात ती गेली.

आता माझ्या फोनमध्ये ‘हरिविजय’ आहे, ‘ज्ञानेश्वरी’ आहे, ‘गुरुचरित्र’ आहे. शब्द सुटे केलेले, खाली अर्थ दिलेला, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. बायकांनी ‘गुरुचरित्र’ वाचू नये म्हणून जे आमच्याकडं कडक पाळलं जायचं, ते आता कुणी विचारत नाही. माझी लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिथल्या आणि इथल्या मिळून आमचा एकवीस जणींचा गट आहे. दर गुरुवारी ‘गजानन विजय’चं साखळी पारायण. दासगणूंच्या या ग्रंथाचे अध्याय एकवीस, म्हणून बायका एकवीस. जिचा जो अध्याय तिनं तो आपापल्या घरी वाचायचा आणि झाला की गटावर हात जोडलेलं चित्र टाकायचं. दिवस मावळेपर्यंत पोथी पूर्ण. लेक कधी गाडी लावलेल्या जागी बसून वाचते, कधी जेवणाच्या सुट्टीत. तिच्या कामाच्या रगाड्यात ती एवढा वेळ काढते याचं मला अप्रूप आहे. त्या चार दिवसांत ती वाचते का, असं मी तिला एकदा विचारलं. तिला आधी प्रश्नच समजला नाही. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी तिला समजावून सांगू शकले नाही.

तरी एक सांगते. एकवीस अध्याय वाचले जातात, पण पहिला वाचणारीला शेवटच्यात काय झालं हे कुणी सांगत नाही, आणि मधल्या कुठल्याही ओवीवर कुणी अडत नाही. अडायला समोर माणूस लागतं. मीही मनातल्या मनात वाचते, वीस मिनिटांत संपवते. चुकीचा शब्द तोडायला जागा नाही आणि तो जोडायला कुणी नाही.

गेल्या महिन्यात मला पहिला अध्याय आला होता. चष्मा बदलायचा होता, डोळे दुखत होते, म्हणून ओट्याशेजारी खुर्ची घेऊन मोठ्यानं वाचत बसले, निदान ओठांनी ओळ धरून ठेवता येते. आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी भांडी विसळत होत्या. जालन्याकडच्या त्या. शेगावात १८७८च्या फेब्रुवारीतला तो प्रसंग: देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली, बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं एक दिगंबर तरुण वेचून खातो आहे आणि बंकटलाल रस्त्यात थांबून ते बघतो आहे. मी दोन ओव्या पुढं गेले असेन. नळ बंद झाला.

“थांबा हो ताई. उष्टं का खाल्लं त्यांनी? मागितलं असतं तर ताट आलं असतं की.”

मी थांबले. अर्थ खाली छापलेला होता, मी तो वाचून दाखवला. त्यांचं समाधान झालं नाही. ओले हात पदराला पुसत त्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, आमची आई लोकांच्या लग्नात पत्रावळी उचलायला जायची, उरलेलं घरी आणायची, आम्ही ते खाऊन वाढलो. ते वेचायला कुणी मोठा माणूस आमच्यासोबत बसला असता तर आईला काय वाटलं असतं, ते मला सुचतंय.

मला काही सुचलं नाही. मी ती ओवी पुन्हा पहिल्यापासून वाचली, सावकाश.

“हूं,” मावशी म्हणाल्या.

फोन ओट्यावर वाजत होता. एकवीस नावांपैकी वीस नावांपुढं हात जोडलेले आले होते आणि लेक विचारत होती, आई, तुझा अध्याय राहिला का? आम्ही अजून पत्रावळींपाशीच होतो.